लघुग्रहाचा गट कसा ठरवायचा

'अमुक लघुग्रह कोणत्या प्रकारचा?' या प्रश्नाला एक उत्तर नसतं, तीन असतात. तो कोणत्या वाटेने फिरतो, त्याचा पृष्ठभाग कशाचा दिसतो आणि तो केवढा आहे. अपोफिसला एका ठिकाणी 'एटन' म्हटलेलं असतं, दुसरीकडे 'एसक्यू', तिसरीकडे 'संभाव्य धोकादायक'. तिन्ही बरोबर आहेत. फक्त ती तीन वेगळ्या रकान्यांतली उत्तरं आहेत आणि बातम्यांमध्ये ती एकाच ओळीत कोंबली जातात.

काम कक्षेपासून सुरू करावं. आकाशातलं स्थान विकलेच्याही (एका अंशाचा ३६०० वा भाग) तुकड्यापर्यंत मोजता येतं, त्यामुळे कक्षा सगळ्यांत भरवशाची. पृष्ठभागाचा प्रकार त्यानंतर. आकार शेवटी, कारण बहुतेक वेळा तो मोजलेला नसतो, अंदाजलेला असतो.

आधी नाव वाचायला शिका

'२०२४ वायआर४' हे नाव म्हणजे शोधाची तारीख आणि क्रमांक आहे. वर्षानंतरचं पहिलं अक्षर पंधरवडा सांगतं: ए म्हणजे १ ते १५ जानेवारी, बी म्हणजे १६ ते ३१ जानेवारी, असं करत वाय म्हणजे १६ ते ३१ डिसेंबर. यात 'आय' वगळतात, कारण ते १ या अंकासारखं दिसतं. दुसरं अक्षर त्या पंधरवड्यातला क्रम. इथेही 'आय' नाही, म्हणून २५ अक्षरं. ती संपली की पुन्हा ए पासून सुरू करतात आणि किती फेऱ्या झाल्या तो आकडा शेवटी लिहितात. आर हे सतरावं अक्षर. म्हणून ४ × २५ + १७ = ११७. डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या पंधरवड्यात नोंदलेला हा ११७ वा पिंड.

अनेक वर्षांच्या निरीक्षणांनी कक्षा पक्की झाली की कायमचा क्रमांक मिळतो आणि मग नाव. पंडित जसराज यांच्या नावाचा लघुग्रह आधी २००६ व्हीपी३२ होता, नंतर ३००१२८ झाला. हा क्रमांक उलट्या बाजूने दोन-दोन आकडे घेऊन वाचा: २८, ०१, ३०. पंडितजींची जन्मतारीख.

क्रमांक मिळाला म्हणजे लघुग्रहच, असं मात्र नाही. १ सेरेस आणि १३४३४० प्लुटो या दोघांना क्रमांक आहेत आणि दोघेही बटुग्रह आहेत. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ऑगस्ट २००६ मध्ये प्राग इथे ग्रह, बटुग्रह आणि 'सूर्यमालेतील लहान पिंड' असे तीनच वर्ग केले. लघुग्रह आणि धूमकेतू दोन्ही तिसऱ्या वर्गात येतात. त्यांच्यातली रेघ त्या ठरावात नाही, ती आपल्याला निरीक्षणातून ओढावी लागते. बटुग्रह व्हायला स्वतःच्या गुरुत्वाने गोल होण्याइतकं वस्तुमान लागतं. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यात ही अट सेरेस (व्यास सुमारे ९४० किमी) पुरी करतो. व्हेस्टा सव्वापाचशे किमीचा, पण दक्षिण ध्रुवावरच्या प्रचंड आघातांनी त्याचा गोलपणा घालवला. हायजिया सुमारे ४३० किमीचा, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपशीलवार प्रतिमांत जवळजवळ गोल निघाला, तरी अधिकृत यादीत अजून नाही. खालची सीमा एक मीटर. त्याहून लहान तुकड्याला लघुग्रह म्हणत नाहीत.

कोणते आकडे उतरवून घ्यायचे

नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचा लहान पिंडांचा डेटाबेस सगळ्यांना मोफत खुला आहे. शोधचौकटीत नाव किंवा क्रमांक टाका आणि हे उतरवा:

- अर्धदीर्घाक्ष (ए): सूर्यापासूनचं सरासरी अंतर म्हणून चालतं. एकक खगोलीय एकक, म्हणजे सुमारे १४.९६ कोटी किमी.
- विमध्यता (ई): कक्षा किती लांबट आहे ते. ० म्हणजे वर्तुळ, १ च्या पुढे गेली तर कक्षा बंदच होत नाही.
- कल (आय), अंशांत: पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी ही कक्षा किती तिरकी आहे ते.
- उपसूर्य अंतर (लहान क्यू), म्हणजे सूर्यापासूनचं सर्वांत कमी अंतर, आणि अपसूर्य अंतर, म्हणजे सर्वांत जास्त. पहिलं = ए × (१ − ई), दुसरं = ए × (१ + ई).
- पृथ्वीच्या कक्षेपासूनचं किमान अंतर. तिथे ते 'मॉइड' म्हणून असतं.
- निरपेक्ष प्रत (एच): पिंड मुळात किती तेजस्वी आहे त्याचं माप. आकडा जितका लहान, तितका पिंड तेजस्वी.
- अनिश्चितता अंक (० ते ९) आणि निरीक्षणं किती दिवसांची आहेत.
- ज्या दिवसासाठी हे आकडे आहेत तो दिनांक.

शेवटचे दोन रकाने लोक हमखास सोडतात आणि तिथेच फसतात. निरीक्षणं पाच-सात दिवसांची असतील, अनिश्चितता ८-९ असेल, तर विमध्यतेच्या तिसऱ्या दशांशावर वाद घालण्यात अर्थ नाही. गट लिहा, पण पेन्सिलने.

कक्षेवरून गट

चाळणी या क्रमानेच लावा. उलटसुलट लावली तर एकच पिंड दोन गटांत बसल्यासारखा दिसतो.

पहिली चाळणी पृथ्वीजवळच्यांची: उपसूर्य अंतर १.३ पेक्षा कमी आहे का? असेल तर चारपैकी एक गट. अपसूर्य अंतर ०.९८३ पेक्षा कमी, म्हणजे अख्खी कक्षा पृथ्वीच्या आत, तर अतिरा. ए १ पेक्षा कमी पण अपसूर्य अंतर ०.९८३ पेक्षा जास्त, तर एटन. ए १ पेक्षा जास्त आणि उपसूर्य अंतर १.०१७ पेक्षा कमी, तर अपोलो. ए १ पेक्षा जास्त आणि उपसूर्य अंतर १.०१७ ते १.३, तर अमोर. ०.९८३ आणि १.०१७ हे आकडे कुठून आले? पृथ्वीची स्वतःची कक्षा किंचित लांबट आहे, ती सूर्याच्या सर्वांत जवळ आणि सर्वांत दूर असतानाची ही अंतरं.

ताडून पाहा: २०२४ वायआर४ चा ए सुमारे २.५२, ई ०.६६. उपसूर्य अंतर २.५२ × ०.३४ = ०.८६. अपोलो. मुख्य पट्ट्याच्या मधोमध येणारा ए पाहून याला 'पट्ट्यातला' म्हणणं ही नवख्याची ठरलेली चूक. आधी उपसूर्य अंतर काढा, ए नंतर बघा.

त्यानंतर: उपसूर्य अंतर १.३ ते १.६६६ आणि ए ३.२ च्या आत, तर मंगळाची कक्षा ओलांडणारा. उपसूर्य अंतर १.६६६ च्या पुढे आणि ए २.० ते ३.२, तर मुख्य पट्टा. ए ३.२ ते ४.६ बाह्य पट्टा. ए ४.६ ते ५.५ आणि ई ०.३ पेक्षा कमी, तर गुरूचे ट्रोजन. ५.५ ते ३०.१ सेंटॉर, त्यापलीकडे नेपच्यूनपारचे.

ट्रोजनबाबत सावध राहा. डेटाबेस सोयीसाठी ए आणि ई वरून शिक्का मारतो, पण खरा ट्रोजन तो जो गुरूच्या सुमारे ६० अंश पुढे किंवा मागे राहून त्या बिंदूभोवती डुलत राहतो. त्यासाठी कक्षा काही हजार वर्षं पुढे चालवून बघावी लागते.

मुख्य पट्टा म्हणजे एकसंध चकती नाही. ए चा आलेख काढलात तर २.५०, २.८२, २.९५ आणि ३.२७ पाशी खाचा दिसतात. डॅनियल कर्कवुड यांनी १८६६ मध्ये त्या दाखवून दिल्या. २.५० पाशी लघुग्रह तीन फेऱ्या मारतो तेवढ्यात गुरूची एक होते. दर वेळी त्याच ठिकाणी गुरूची ओढ बसते, कक्षा लांबट होत जाते आणि शेवटी पिंड तिथून हाकलला जातो. पृथ्वीजवळच्या पिंडांतले पुष्कळ याच दारांतून आत आलेले. फेऱ्यांचं असं साधं प्रमाण जुळणं म्हणजे अनुस्पंदन. ते नेहमी हाकलतंच असंही नाही. ३.९७ च्या आसपास, तीनास दोन या प्रमाणात, हिल्डा गट सुखाने नांदतो.

पट्ट्यातला पिंड असेल तर कुटुंबही शोधा. कियोत्सुगु हिरायामा यांनी १९१८ मध्ये कोरोनिस, इऑस आणि थेमिस ही कुटुंबं ओळखली: एका मोठ्या पिंडाचे तुकडे, अजून जवळजवळ सारख्या वाटेने फिरणारे. इथे डेटाबेसमधले रोजचे ए, ई, आय वापरू नका, ग्रहांच्या ओढीने ते हलत असतात. दीर्घकालीन हेलकावे काढून टाकलेली 'मूळ कक्षांगं' वेगळी प्रसिद्ध होतात, ती घ्या. रोजचे आकडे वापरले तर कुटुंब पसरट दिसतं आणि शेजारचे उपरे त्यात घुसतात.

धूमकेतू तर नाही ना?

यासाठी टिसरांचा अंक (टी) काढा. गुरूच्या तुलनेत कक्षा कशी आहे ते तो एका आकड्यात सांगतो. गुरूचा अर्धदीर्घाक्ष ५.२०४ धरून:

टी = (५.२०४ ÷ ए) + २ × कॉस(आय) × √[(ए ÷ ५.२०४) × (१ − ई²)]

टी ३ पेक्षा जास्त, तर साधारणपणे लघुग्रही कक्षा. २ ते ३, तर गुरू कुटुंबातल्या धूमकेतूंसारखी. २ पेक्षा कमी, तर हॅलीसारखी.

दोन उदाहरणं हाताने करून बघा. ३२०० फेथॉन: ए १.२७१, ई ०.८९०, आय २२.२ अंश. पहिलं पद ४.०९४, दुसरं ०.४१७, टी ४.५१. दर डिसेंबरातला मिथुन उल्कावर्षाव याच्याच धुळीचा, म्हणून तो धूमकेतू असेल असं वाटतं, पण कक्षा पक्की लघुग्रही. आता ३५५२ डॉन किहोटे: ए ४.२६, ई ०.७०९, आय ३१ अंश. १.२२ + १.०९ = २.३१. १९८३ मध्ये सापडला तेव्हापासून लघुग्रह म्हणून नोंदलेला, पण अंक धूमकेतूकडे बोट दाखवतो. पुढे अवरक्त निरीक्षणांत त्याच्याभोवती खरोखरच वायूचं आवरण सापडलं.

कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, तेवढं तपासा. रेडियनवर राहिला तर कॉस भलताच येतो, आणि उत्तर इतकं बेमालूम चुकतं की पटकन लक्षात येत नाही.

टी हा पुरावा आहे, निकाल नाही. एन्के धूमकेतूचा टी ३ च्या किंचित वर आहे. उलट ७९६८ एल्स्ट-पिझारो मुख्य पट्ट्यात थेमिस कुटुंबाच्या शेजारी राहतो आणि त्याला वारंवार शेपूट फुटते. त्याची नोंद लघुग्रहांतही आहे आणि १३३पी म्हणून धूमकेतूंतही. शेपूट दिसली म्हणजे बर्फ, हेही धरून चालू नका. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं, त्यानंतर हजारो किलोमीटर लांब शेपूट निघाली. ती निव्वळ धूळ होती. शेपूट एकदाच दिसली तर टक्कर किंवा भन्नाट गिरकी, दर वेळी उपसूर्य बिंदूजवळ दिसली तर बर्फाची वाफ, असा ठोकताळा धरा.

ई १ पेक्षा स्पष्ट जास्त आली तर पाहुणा सूर्यमालेबाहेरचा. ओउमुआमुआची ई १.२. त्याला आधी धूमकेतूचं सी अक्षर मिळालं, शेपूट दिसेना म्हणून लघुग्रहाचं ए, आणि शेवटी नवीन वर्ग काढून १आय. काही आठवड्यांत तीन शिक्के.

आणखी एक सापळा: ए १ च्या अगदी जवळ, ई लहान, कल नगण्य. अशी कक्षा पृथ्वीवरूनच सुटलेल्या वस्तूची असू शकते. २०२० एसओ हा 'लघुग्रह' १९६६ च्या सर्व्हेयर २ मोहिमेच्या अग्निबाणाचा टप्पा निघाला. सूर्यप्रकाशाच्या दाबाने तो नको इतका ढकलला जात होता, म्हणजे आतून पोकळ. जानेवारी २०२५ मध्ये २०१८ सीएन४१ म्हणून जाहीर झालेली वस्तू तर अवकाशात सोडलेली टेस्ला गाडी होती. एका दिवसात नाव मागे घेतलं गेलं.

'धोकादायक' हा शिक्का

अटी दोनच: पृथ्वीच्या कक्षेपासूनचं किमान अंतर ०.०५ खगोलीय एकक (सुमारे ७५ लाख किमी) किंवा कमी, आणि एच २२ किंवा कमी. हे अंतर दोन कक्षांमधलं आहे, पृथ्वी आणि पिंड यांच्यातलं नव्हे. रस्ते जवळून जातात म्हणून गाड्या धडकतातच असं नाही. वायआर४ ची २२ डिसेंबर २०३२ ची आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि निरीक्षणं वाढताच काही दिवसांत जवळजवळ शून्यावर आली. त्या सगळ्या काळात त्याचा गट अपोलोच होता. आणि गंमत म्हणजे ५०-६० मीटरचा असल्याने 'संभाव्य धोकादायक' यादीच्या एच अटीत तो बसतच नव्हता.

पृष्ठभागाचा प्रकार

१९७५ मध्ये सी (कोळशासारखे काळे) आणि एस (दगडी) या अक्षरांपासून सुरुवात झाली. डेव्हिड थोलेन यांची १९८४ ची पद्धत, बस यांची २००२ ची आणि बस-डिमिओ यांची २००९ ची अशा पायऱ्या पुढे आल्या. एकाच लघुग्रहाला तिन्हींत वेगळं अक्षर असू शकतं, म्हणून अक्षरापुढे पद्धत लिहाच. बस पद्धत ०.४४ ते ०.९२ मायक्रॉन तरंगलांबीचाच प्रकाश बघते, बस-डिमिओ २.४५ पर्यंत जाते.

स्वतः वर्णपट (प्रकाशाची तरंगलांबीनुसार फोड) घेणार असाल तर: लघुग्रहाचा प्रकाश म्हणजे परतलेलं ऊन. म्हणून त्याच रात्री, जवळपास त्याच उंचीवर, सूर्यासारख्या ताऱ्याचा वर्णपट घ्या (१६ सिग्नी बी आणि हायडीस ६४ हे नेहमीचे), लघुग्रहाच्या वर्णपटाला त्याने भागा आणि ०.५५ मायक्रॉनला १ धरा. तारा डोक्यावर आणि लघुग्रह क्षितिजाशी असेल तर हवेमुळे निळा प्रकाश जास्त गळतो आणि कोणताही पिंड लालसर दिसतो. फिल्टरने रंग मोजत असाल तर जी-आर-जी-आय-जी असा क्रम ठेवा (जी हिरवट, आर लाल, आय अवरक्ताजवळचा फिल्टर). पिंड फिरतो, तेज बदलतं. मधला जी वारंवार घेतला नाही तर तो बदल रंग म्हणून नोंदला जातो.

मग वर्णपटाच्या रेघेचा आकार बघा. ०.७५ मायक्रॉनपर्यंत चढून १ मायक्रॉनपाशी खळगा: एस. तोच खळगा ०.९ पाशी खोल आणि अरुंद, २ मायक्रॉनला दुसरा: व्ही, म्हणजे बहुधा व्हेस्टाचा तुकडा. जवळजवळ सपाट: सी, आणि ०.७ पाशी बारीक दबलेला असेल तर पाणी मुरलेली खनिजं. सपाट पण किंचित निळ्याकडे झुकलेला: बी, जसा बेन्नू. सरळ तीव्र चढ: डी, ट्रोजनांमध्ये भरपूर. किंचित चढ आणि एकही खूण नाही: एक्स.

एक्सपाशी वर्णपट हात टेकतो. थोलेन पद्धतीत तिथे अल्बेडो, म्हणजे पृष्ठभाग किती टक्के प्रकाश परतवतो ते, निर्णय देतो: ०.३० च्या वर ई, ०.१० ते ०.३० एम, ०.१० च्या खाली पी. एम म्हणजे धातू, ही समजूत आता सोडावी. ल्युटेशियाला एम म्हणत. २०१० मध्ये रोझेटा यान जवळून गेलं तेव्हा घनता पाण्याच्या ३.४ पट भरली, आणि लोखंड तर ७.९ च्या आसपास असतं. एम गटातला प्रसिद्ध लघुग्रह सायकी, खुद्द त्याची घनताही ४ च्या आसपास मानली जाते.

वर्णपट वरची साल सांगतो, गर नाही. एस गट आणि साधे कॉन्ड्राइट अशनी (पृथ्वीवर पडणारे एका जातीचे दगड) यांचं नातं कित्येक दशकं जुळत नव्हतं, कारण सौरवाऱ्याने पृष्ठभाग लालसर आणि मंद झालेला होता. जपानच्या हायाबुसा यानाने २०१० मध्ये इटोकावा या एस गटातल्या लघुग्रहाचे कण आणले तेव्हा ते मिटलं. ऑक्टोबर २००८ मध्ये २००८ टीसी३ सुदानवर पडला, त्याच्या तुकड्यांत तर एकाहून अधिक जातींचे अशनी निघाले. आपल्या लोणारचं विवर घडवणाऱ्या पिंडाचा कक्षागट कुणालाच सांगता येणार नाही. तो पडला तेव्हा कक्षा नोंदवायला कोणी नव्हतं.

आकार

व्यास (किमी) = १३२९ ÷ √अल्बेडो × १०^(−एच ÷ ५)

एच २२ आणि अल्बेडो ०.१४ घातला की १४१ मीटर येतात. 'धोकादायक'ची १४० मीटरची मर्यादा हीच. पण तोच एच ठेवून अल्बेडो ०.०५ घ्या, २३७ मीटर. ०.२५ घ्या, १०६ मीटर. वस्तुमान व्यासाच्या घनाने वाढतं, म्हणून हा फरक अकरा पटींचा. अल्बेडो अवरक्त निरीक्षणातून आला नसेल तर व्यास एका आकड्यात लिहू नका, 'शंभर ते अडीचशे मीटर' असाच लिहा.

भरलेली नोंद

९९९४२ अपोफिस. ए ०.९२३, ई ०.१९१, कल ३.३ अंश. उपसूर्य अंतर ०.७४६, अपसूर्य १.०९९. गट: एटन. टी ६.४७, लघुग्रही. मॉइड ०.००१ पेक्षाही कमी, एच सुमारे १९.१, म्हणून संभाव्य धोकादायक यादीत. मात्र पुढची किमान शंभर वर्षं तो आदळणार नाही हे मोजून झालं आहे. पृष्ठभाग: एसक्यू (एस चा एक उपप्रकार), बस-डिमिओ पद्धत. व्यास सुमारे ३४० मीटर.

या नोंदीवर दिनांक टाकायचा आहे, तो याचसाठी: १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किमीवरून जाईल. आपल्या ओढीने त्याचा ए १.१ च्या आसपास जाईल आणि त्या रात्रीनंतर गटाच्या रकान्यात एटन खोडून अपोलो लिहावं लागेल.